एकही खाडा नाही

वायपाहू, २० ऑगस्ट

प्रिय तेओदादा,

वेगासच्या उन्हात तुझी छाती कशी आहे? कोरडी हवा मानवते म्हणे. तुझ्या इथल्या जुन्या घराच्या मागच्या दारचा शेवगा नव्या भाडेकरूने बुंध्यापासून छाटला होता, तो पुन्हा फुटलाय. मी दोनदा जाऊन पाला मागून आणला. एवढंच सांगायचं तर फोन पुरला असता, पण फोनवर तू खोकलास की माझं तोंडच बंद होतं.

साथीत कामावर आलेल्यांचा जोखीम भत्ता चार वर्षं भांडून अखेर मिळाला, हे तुला कळलंच असेल. युनियनच्या हॉलमध्ये अख्खं डुक्कर भाजलं. आपल्या फेतू ड्रायव्हरने त्यातलं निम्मं एकट्याने संपवलं आणि वर म्हणतो, "डाएट चालू आहे रे माझं, भाताला हात लावला नाही." मग साथीत ज्यांचा एकही खाडा नव्हता, त्यांना पुढे बोलावून गळ्यात फुलांचे हार घातले. माझं नाव तिसरं होतं. मी गेलो, दादा. मान वाकवून हार घालून घेतला. फेतूने टाळी वाजवली नाही, तो खाली बघून हाडं चघळत राहिला. तुझं नाव यादीत नव्हतं, कारण आजारपणात तुझे खाडे पडले होते.

कलिहीच्या त्या अरुंद गल्ल्यांत अजूनही कचऱ्याची मोठी गाडी शिरत नाही, डबे हातानेच ओढावे लागतात. फेरी संपली की घरी, हा आपला जुना रिवाज. नऊला संपो नाहीतर बाराला, पगार आठ तासांचा. म्हणून एखाद्याची पाठ धरली की बाकीचे त्याचे डबे उचलायचे आणि कोणी ते बोलून दाखवायचं नाही. साथ आली, बोटाच्या ठशाचं यंत्र बंद झालं आणि हजेरी कागदावर आली. मी तुला म्हणालो, आईची छाती नाजूक आहे आणि माझी रजा संपलीय. तू क्षणभरही विचार केला नाहीस. "घरी बस, गाढवा. तुझी आई ती माझी आई. सही मी ठोकतो." दोन आठवडे ठरले होते, मी अकरा आठवडे बसलो.

दादा, दुसऱ्याच आठवड्यात आई बहिणीकडे एवा गावात राहायला गेली होती. घरात मी एकटाच होतो. मला नुसती भीती वाटत होती. लोकांनी नाकं पुसलेले कागद, वापरलेले मास्क, तोंड न बांधलेल्या पिशव्या, त्या सगळ्यात तू दोघांच्या वाटचे हात घालत होतास. संध्याकाळी फोन करून आईची चौकशी करायचास आणि मी म्हणायचो, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." हे लिहिताना माझी मला किळस येते. बाराव्या आठवड्यात तुला इस्पितळात नेलं, तेव्हा कुठे मी कामावर आलो.

मंगळवारी तुझ्या मारिसेलचा फोन आला. आजार कामावर लागला म्हणून तू भरपाई मागितलीस आणि ती नाकारली, हे मला तेव्हा कळलं. भरपाई कचेरीचं पत्र तिने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, त्याच गाडीवर, मागच्या त्याच फळीवर रोज शेजारी उभा असलेला जोडीदार धडधाकट राहिला, तेव्हा आजार कामावर लागला असं मानता येत नाही. मग बिचारी मलाच विचारते, "काका, तुम्हाला कसं हो काहीच झालं नाही?" म्हणजे तू पोटच्या पोरीलाही काही सांगितलेलं नाहीस. माझी नोकरी राहावी म्हणून तू आपला हक्क सोडून दिलास. काल मी लेखी जबानी देऊन आलो. अकरा आठवडे मी नव्हतो, सही माझ्या सांगण्यावरून झाली, आईचं कारण खोटं होतं. भत्त्याचा चेकही परत केला. त्या सहीपायी तुझ्या पेन्शनला धक्का लागणार नाही, हे युनियनच्या वकीलबाईंना आधी विचारून घेतलं. माझ्या नोकरीचं पुढच्या महिन्यात ठरेल. तुझा अर्ज पुन्हा उघडलाय आणि या आठवड्यात ते तुला फोन करतील. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. "पोरगा भित्रा आहे, काहीतरी बरळतोय, तो रोज होता माझ्याबरोबर." हे पत्र त्यासाठीच लिहिलंय. ते विचारतील तेव्हा, दादा, या वेळी मला वाचवू नकोस.

तू अजून मानत असशील तर तुझाच,
रोमुलो