थंड घ्यायला मनाई

तीर्थरूप बाबा,

तुमच्या तापट लेकीचा गरमागरम नमस्कार.

बोटं निळी का पडतात, ते अखेर कळलं. माझंच शरीर माझ्या रक्तावर उलटलंय. गारठ्यात रक्तपेशी एकमेकींना चिकटतात आणि फुटतात. तपासायला दिलेल्या रक्ताच्याही नळीतच गाठी व्हायच्या. शेवटी नर्सबाई नळी काखेत धरून लॅबकडे पळाल्या, तेव्हा कुठे निदान झालं!

औषधाची पहिली सलाइन झाली. जरा हुडहुडी भरली, एवढंच. आता गारठ्यापासून लांब राहायचं. जन्मभर मला "थंड घे, थंड घे" म्हणालात ना? आता डॉक्टरांचीच मनाई आहे!

तुमचा गुडघा काय म्हणतोय? आईला यातलं काही सांगू नका, लगेच स्वेटर विणायला बसेल.

तुमची,
लवंगी

ता. क. आईला सांगाच. रंग कुठलाही चालेल, फक्त निळा नको.