तीन मुठी लांब

दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार. आईला सांग, मी वेळेवर जेवते आणि खोलीची खिडकी घट्ट बंद होते.

तू फोनवर म्हणालास, "एवढ्या लांब गेलीस, आता तू आम्हाला नाहीसच." म्हणून किती लांब ते मोजलं.

कारखान्यात मी पत्रा वाकवते. एका अंशाची चूक झाली तरी सांधा बसत नाही. शेजारच्या मशीनवरच्या बाईनं अंश हातानं मोजायला शिकवलं. हात समोर ताणून मूठ धरली की ती दहा अंश भरते. मूठ लहान असेल तर हातही आखूड असतो, त्यामुळे कुणाचीही चालते.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या जागेचे अक्षांश. आपल्या गच्चीवरून तो दोन मुठी वर दिसतो, इथे पाच. म्हणजे मी उत्तरेला तीन मुठी सरकले, एवढंच.

पश्चिमेचं अंतर घड्याळ सांगतं, पंधरा अंशांना एक तास. तुमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा मी दुपारचा डबा उघडते. एकटीच खाते, पण पोटभर खाते.

तू ओरडलास म्हणून मी परत येणार नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? जिना चढवत असेल तर तिला गच्चीवर ने आणि ध्रुवाच्या वर तीन मुठी मोजायला लाव. तेवढीच मी लांब आहे.

तूही मोज. माझ्या नावानं मूठ आवळतोसच, तर हात जरा लांब कर.

तुझी, नाही म्हटलंस तरी,
धाकटी