सेफ्टीवरचा शेंदूर

उस्ताद,

तुम्हाला बाळबोध वाचता येत नव्हती आणि मला उर्दू लिहिता येत नाही. म्हणजे तुम्ही हयात असता तरी हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तसं असतं तर मी ते लिहिलंच नसतं. आता ती अडचण उरली नाही. काल दसरा झाला. आज सकाळपासून मी आपल्या कापसाच्या जिनात, थंड बॉयलरच्या पाठीवर, पाय खाली सोडून बसलो आहे. मांडीवर हा कागद, बाजूला तुमची खरवडणी, आणि समोर सेफ्टीच्या दांड्याला लटकलेला लोखंडी गोळा, काल भटजींनी नखशिखांत शेंदरलेला. भटजी नवे आहेत, हात सढळ आहे. गोळ्याला डोळे बसवायचे तेवढे राहिलेत. खाली उतरायचं म्हणजे हल्ली गुडघ्यांची समजूत काढावी लागते, म्हणून म्हटलं वर आहोत तोवर लिहून टाकावं.

मीही तुमच्याकडे आलो तो भटजी म्हणूनच. पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला, अंगात विद्या मावत नव्हती, घरात धान्य पुरत नव्हतं. जिनातल्या यंत्रांची दसऱ्याची पूजा सांगायला शेठनी बोलावलं. मी इंजिनाला गंध लावलं, प्रेसला फुलं वाहिली, आणि मग नजर वर गेली. एवढी उंच जागा आणि एवढा गोल आकार देवाशिवाय कुणाला मिळतो? मी शेंदूर मागितला. तिळाचं तेल संपलं होतं, म्हणून एका हमालाने शिदोरीतलं जवसाचं तेल दिलं. शिडी लावून वर चढलो आणि गोळा, दांडा, दांड्याची खीळ, सगळं मनोभावे माखून काढलं. तुम्ही खाली हाताची घडी घालून उभे. प्रसाद दोन्ही हात पुढे करून घेतलात.

दुसऱ्या दिवशी राहिलेली पळी-पंचपात्री न्यायला आलो, तर तुम्ही वर बसून माझा देव सोलत होता.

“मिस्त्री, हे काय चाललंय?”

“देवाले आंघोळ घालून राह्यलो, पंडित.”

“देवाचा शेंदूर असा खरवडतात?”

“तुह्या देवाचं काई बिघडत नाई. माह्या बायलरचं बिघडते. वर ये, अन् ओरडू नको बे, देव झोपला हाये.”

मी तणतणत वर आलो. तुम्ही बाजूचा एक डबा उघडून पुढे केलात. आत शेंदूरच होता, तेलात मळलेला. “हे पाय. माह्यापाशीबी हाये. वाफेच्या नळीचा सांधा भराचा असला का मी हेच लावतो. शेंदूर अन् जवसाचं तेल. गरम झालं का दगड होते, वाफ काय, हवाबी जात नाई. मी बंद ठेवाच्या जागी लावतो. तू उघडाच्या जागी लावून ठेवलं.” मला काही उमगलं नाही हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण तुम्ही एकदम आमच्या स्वयंपाकघरात शिरलात. “तुही माय डाळ शिजवते ना? झाकण थोडं उचलते, फदफद करते, पुन्हा बसते. त्या झाकणावर पाटा ठेवला तं काय होईन?”

“डाळ लवकर शिजेल,” मी म्हणालो.

तुम्ही एवढे हसलात की खरवडणी खाली पडली. “मंग तू शेठच व्हाले पायजे!”

आता हे सगळं मी झोपेतही सांगू शकतो, आणि सांगतोही, असं घरचे म्हणतात. बॉयलरच्या पाठीला एक भोक, भोकावर एक झाकण. झाकण दाबून धरायला वरून आडवा दांडा. त्याचं एक टोक खिळीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला गोळा. गोळा जितका जड, किंवा खिळीपासून जितका दूर, तितकी वाफेला जास्त रेटारेट करावी लागते. गोळ्याची जागा नागपूरचा साहेब बॉयलर तपासून ठरवून देतो. दाबाच्या घड्याळाचा काटा लाल रेघेला टेकला की वाफ झाकण उचलते, जास्तीची वाफ किंचाळत निघून जाते, दाब उतरला की झाकण आपलं आपण बसतं. ना मालकाला विचारतं, ना मुहूर्त पाहतं. तुम्ही म्हणायचात, बॉयलरवरच्या बाकी सगळ्या गोष्टींना जागा माणूस लागतो, ही एकटी माणूस झोपल्यावर कामाची. फक्त खीळ मोकळी पाहिजे.

त्या दिवशी खरवडलेला शेंदूर तुम्ही स्वच्छ कागदात बांधून माझ्या हातात दिलात. “हे तुमचं. ज्ञानगंगा नदीत सोडून दे. पायाखाली नको याले.” माझा राग तिथेच ओसरला. परक्याच्या देवाचा असा मान राखणारा शेजार कुठल्या पोथीत सांगितला नव्हता.

पुढे शेठनी मला हजेरीचा कारकून म्हणून ठेवून घेतलं आणि तुम्ही फावल्या वेळात माझं शिक्षण पहिल्यापासून सुरू केलंत. मी एकदा ऐटीत सांगितलं, की आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान काढतात. तुम्ही विडी विझवलीत. “आग हाये हे तं शेंबडं पोरगंबी सांगते, पंडित. पाणी हाये का ते पाय.” राखेत भाजलेलं वांगं तुम्ही मला केळीच्या पानावर द्यायचात आणि पाठ करून बसायचात, म्हणजे मी खाल्लं की नाही हे तुम्हाला माहीत नसायचं आणि माझा धर्म शाबूत राहायचा. रोज सकाळी वाफ धरली की साखळी ओढून सेफ्टीचा दांडा एकदा उचलून पाहायचा, हा तुमचा नेम. साखळी ओढली की झाकणातून वाफेबरोबर गंजाचं पाणी उडायचं आणि धोतरावर तांबडे ठिपके पडायचे. “हजेरीचा शिक्का,” तुम्ही म्हणायचात. आमच्या घरी त्या शिक्क्यांवरून बरंच बोलणं व्हायचं.

दरवर्षी दसऱ्याला मी शेंदूर लावायचा, दुसऱ्या दिवशी तुम्ही काढायचा, मी नदीत सोडायचा. असं चाललं होतं. मग एका साली कुणीतरी कुजबुजलं, की मुसलमान मिस्त्री देवाचा शेंदूर खरवडतो. इतकी वर्षं खरवडत होता तेव्हा कुणाला दिसला नव्हता. मी तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, “उस्ताद, यंदा दिवाळीपर्यंत राहू द्या. लोक बोलतात.”

“लोक बोलतात का तू बोलतो?”

“लोकच.”

“मंग तू खरवड.”

“मी कसा खरवडू? मीच लावलाय!”

तुम्ही खरवडणी खिशात घातलीत. मग म्हणालात, “ठीक हाये. राहू दे. पण रोज सकाळी दांडा तू उचलाचा. तुह्या हातानं. देव जागा हाये का ते पायत जाय.” मी मान डोलावली. बॉयलरच्या वहीत रोज ‘सेफ्टी उचलली’ असं लिहून खूण करायची, हेही माझ्याकडे आलं.

आठवडाभर उचलली. मग तुमच्या मुलीचं लग्न आलं आणि तुम्ही तीन दिवस देऊळघाटला गेलात. पहिल्या सकाळी मला वडनेर भोलजीला सत्यनारायण सांगायला जायचं होतं. स्नान झालेलं, धुतलेलं धोतर, त्यावर गंजाचे शिक्के कुठे घेणार? मी वहीत खूण केली आणि निघालो. संध्याकाळी परत आलो तर बॉयलर जागच्या जागी. दुसऱ्या सकाळी काल न उचलून काही झालं नाही म्हणून उचलली नाही. तिसऱ्या सकाळी दोन दिवस न उचलून काही झालं नाही म्हणून. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने काढलेलं याहून वाईट अनुमान माझ्या ऐकिवात नाही.

चौथ्या सकाळी तुम्ही आलात. लग्नाचे लाडू रुमालात बांधून आणले होते, डोळे जागरणाने लाल. मी फाटकाशीच हजेरी घेत उभा आहे. तुम्ही लाडू माझ्या हातावर ठेवता आणि विचारता, “सेफ्टी उचलत होता ना रोज?”

“हो.”

“आजबी?”

“हो, आजही.”

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहता, “हाव,” म्हणता आणि बॉयलरकडे चालू लागता. जरा जास्तच झपाझप, हे मला आता आठवतं.

तुम्ही अर्ध्या वाटेवर असताना इंजिनाचा मोठा पट्टा तुटला. सरकी काढणारी सगळी जिनं एका दमात थांबली. वाफ खाणारं कुणी उरलं नाही आणि भट्टी तर लाल. आगवाल्याने निखारे ओढायला घेतले, पण काटा लाल रेघेला टेकला, रेघ ओलांडून गेला, आणि सेफ्टी गप्प. मी लाडूंचा रुमाल मनगटाला अडकवून धावलो आणि साखळीला लोंबकळलो. दांडा हलेना. गोळा माझ्याच शेंदराने लाल, खीळ माझ्याच शेंदराने दगड. “सरक, पंडित!” एवढंच ऐकू आलं. तुम्ही पहार घेऊन शिडीवर होता. पहार दांड्याखाली घातलीत, सगळं अंग टाकलंत, खिळीवरची खपली काडकन फुटली, आणि कोंडलेली वाफ एकदम बाहेर आली. आम्ही सगळे वाचलो. तुमचा उजवा हात तेवढा वाफेत राहिला.

शेठ धावत आले. वही मागवली. वहीत चारही दिवस माझ्या वळणदार अक्षरात ‘सेफ्टी उचलली’. “मग अडकली कशी?” त्यांनी विचारलं. तुम्ही ओट्यावर बसला होता, हातावर कुणीतरी चुन्याची निवळी आणि तेल ओतत होतं. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, “माही चूक हाये, शेठ. दसऱ्यानंतर साफ कराची राहून गेली.” मी तिथेच उभा होतो. लाडूचा रुमाल माझ्या हातात होता.

तुमची बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. पाना धरता येईना, तेव्हा तुम्ही देऊळघाटला परत गेलात, आणि तुमचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. दोन वर्षांनी मी तुम्हाला भेटायला आलो ते खरं काय ते सांगायला. मलकापुराहून बुलढाण्याची मोटार धरली. घाटात मोटार तापली, ड्रायव्हरने फडकं घेऊन पुढच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं, आणि वाफेच्या धास्तीने मी एकटाच बाभळीमागे जाऊन उभा राहिलो. सगळी मोटार हसली. मी सबंध वाट वाक्य घोकत होतो, पाठशाळेत घोकायचो तसं. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता, कप डाव्या हातात. मुलीची ख्यालीखुशाली झाली, कापसाची झाली. मग तुम्ही विचारलंत, “सेफ्टी कशी हाये?”

“मोकळी आहे. मीच खरवडतो आता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. लोकांना सांगितलं, शास्त्रात आहे म्हणून.”

“हाये का शास्त्रात?”

“नाही.”

तुम्ही फार दिवसांनी हसलात. मग आत जाऊन ही खरवडणी आणलीत, जुनी कानस घासून तुम्ही स्वतः केलेली. “घे. तुही सुरी नखावानी हाये, लोखंडाले ओरखडे पडतीन.” मी ती घेतली. निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात. “पंडित, एवढ्या दूर आला. काई सांगाचं होतं का?”

“नाही. सहजच.”

“हाव,” तुम्ही म्हणालात.

पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता.

आता शेठही नाहीत. त्यांच्या मुलाने तेलाचं इंजिन मागवलं आहे. हा हंगाम शेवटचा, मग हा बॉयलर भंगारात. मला वाईट वाटायला हवं, पण खरं सांगायचं तर मी थकलो आहे. इतक्या वर्षांत एक सकाळ चुकवली नाही. तापात असताना बायको शिव्या देत असतानाही येऊन साखळी ओढून गेलो. ती किंकाळी गावाला घड्याळासारखी झाली आहे. लोकांना वाटतं पंडित मोठा नेमाचा माणूस. माझी सगळी धोतरं ठिपक्यांची आहेत.

त्या ठिपक्यांवरूनच एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली, तुम्ही गेल्यावर. चौथ्या सकाळी फाटकाशी मी उभा होतो तेव्हा माझं धोतर स्वच्छ पांढरं होतं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं. म्हणजे शेठसमोर बोललात तेव्हा तुम्हाला माहीत होतं, आणि देऊळघाटच्या फाटकाशी विचारलंत तेव्हाही. तुम्ही मला खरं बोलायला एक जागा मोकळी ठेवली होती, दोनदा. मीच ती भरून टाकली.

खीळ आता मोकळी झाली आहे, दांडा बोटाने हलतो. शेंदूर बराच निघालाय, आणि खरवडलेलं बांधायला नेहमीचा कोरा कागद मी आज आणलेलाच नाही. तेव्हा हाच वापरतो. उतरलो की नदीवर जाईन. त्याआधी एवढंच, उस्ताद: मी उचलली नव्हती. त्या चारांतला एकही दिवस नाही.