सागरची पद्धत

पिंपळगाव राजा

प्रिय हर्षल,

तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहितो. पत्त्यासाठी धामणगाव बढ्याला तुझ्या आईकडे जाऊन आलो. अन्नपूर्णाबाईंनी चहा केला, बसा म्हणाल्या, पत्ताही दिला, पण तुझा विषय काढला की पावसापाण्याचं बोलू लागत. मलाही नीट विचारता आलं नाही. तुला माहीत आहे, मला बोलायला जमत नाही. लिहायलाही जमत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, मोटर चालू आहे का पाहून येतो, वांग्यांतून उगीच एक चक्कर मारतो आणि पुन्हा येऊन बसतो.

घरचं म्हणशील तर मिरची बरी आहे, वांग्यावर कीड पडली. सागरची अपघातातली गाडी पोलिसांनी सोडली. ती गोठ्यात लावली आहे, वर ताडपत्री टाकली. तुझी काकू तिकडून जात नाही, शेण काढायलाही मागच्या दारानं फिरून जाते. माझ्याशीही सध्या कामापुरतंच बोलते. त्याचं कारण पुढे लिहितो.

आपला सागर तुझ्यासोबत खामगावच्या औषधाच्या कारखान्यात नेमकं काय करतो, हे गावात कुणालाच कळलं नव्हतं. मी बारावी शिकलो, पण मलाही पूर्ण कळलं नव्हतं. रामराव त्याला पारावर अडवायचा, "काय बे केमिस्ट, गोया बनवतं ना तू? मंग माह्या गुडघ्याच्या गोया काऊन नाही आणत?" सागर हसून म्हणायचा, "काका, आमी गोया नाही बनवत, गोयांतली पावडर बनवतो." रामराव म्हणायचा, "म्हंजे पीठगिरणीत हायेस." सगळे हसायचे, सागरही हसायचा. मला मात्र ते लागायचं. पोरगा एम.एस्सी. झालेला, आणि गावाच्या हिशेबानं पीठगिरणीत.

तेरवीच्या दिवशी मांडवात श्रद्धांजलीची भाषणं झाली. सगळे तेच बोलत होते, पोरगा गुणी होता, मनमिळाऊ होता. कुणाच्याही पोराबद्दल बोलतात तसं. तू मागे खांबाला टेकून उभा होतास. मी तुझ्याजवळ आलो, तुझा हात धरला आणि म्हटलं, "बाबू, तो तिथं काय करत होता ते सांग लोकायले. समदं सांग, काही ठेवू नको." तू म्हणालास, "काकाजी, ते समजन का लोकायले?" मी म्हटलं, "समजन असं सांग."

आणि तू तसं सांगितलंस. त्या औषधाची पावडर आधी मैद्यासारखी बारीक पडायची, गाळताना कापडच बंद व्हायचं, धुवायला ड्रम ड्रम रसायन लागायचं. सागरनं काय केलं, तर तयार औषधाचे थोडे खडे त्या गरम द्रावणात विरजणासारखे टाकले. किती गरम असताना टाकायचे, मग ढवळणं कधी थांबवायचं, किती सावकाश थंड करायचं, हे त्यानं वर्षभर खपून ठरवलं. तू ते सगळं आकड्यांसकट सांगितलंस. खडे साखरेसारखे मोकळे पडू लागले आणि धुण्याचं ते रसायनच लागेनासं झालं. विरजण म्हटल्यावर बाया मान हलवू लागल्या. रामरावनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तुमचे साहेब पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. एवढ्या मांडवात एकालाही वाटलं नाही की इथं काही चुकतंय. गावातल्या गणेशनं मोबाईलवर ते सगळं घेतलं आणि त्याच संध्याकाळी यूट्यूबवर टाकलं.

पेटंटचा अर्ज त्यानंतर गेला. सागर नव्हता, म्हणून त्याच्या वतीनं आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. शोधक म्हणून सागर शेषराव, असं पहिलं नाव छापलेलं काकूनं बोट फिरवून पाहिलं. मग बाहेरच्या एका कारखान्यानं हरकत घेतली आणि पुरावा म्हणून तोच व्हिडिओ जोडला. साहेब आणि वकील घरी आले तेव्हा मला सगळं समजलं. औषध जुनंच आहे, ते कुणीही बनवावं. पेटंट मागायचं ते बनवण्याच्या पद्धतीचं, आणि अर्जाच्या आधी ती पद्धत जाहीर झाली असेल तर पेटंट मिळत नाही. वकिलांनी एक वाट सांगितली. परवानगी नसताना कुणी ती फोडली असेल तर अर्ज वाचू शकतो. म्हणून मी लिहून द्यायचं, की हर्षल आम्हाला न विचारता बोलला.

मी साहेबांना म्हटलं, तुम्ही तर समोर बसले होते. ते म्हणाले, "शेषराव, त्या दुःखात कोणाचं लक्ष होतं?" तुला राजीनामा द्यायला लावला, हेही मला तेव्हाच कळलं. तू त्यांना माझं नाव सांगितलंच नव्हतंस.

काकूचं म्हणणं सरळ आहे. "सही काऊन नाही करत तुमी? लेकरू गेलं, आता नावबी जाऊ देता का?" मी तिला म्हटलं, हर्षलवर चोरीचा ठपका बसेल, त्याला कुठला कारखाना उभा करेल? ती म्हणाली, "हर्षल जित्ता हाये. तो काहीबी करून खाईन." आणि मग स्वतःच रडायला लागली. मध्यंतरी तू आईच्या हाती निरोप पाठवलास, "काकाजींना सांग, सही करून टाका, सागरचं नाव लागलं पाहिजे." तो निरोप मी घरी सांगितलाच नाही. सांगितला असता तर तिला धीर आला असता, आणि मला कदाचित मोह झाला असता.

काल खामगावला वकिलांच्या ऑफिसात जाऊन आलो. मीच हर्षलला बोलायला सांगितलं, समदं सांग म्हणालो, असं माझ्या हातानं लिहून सही केली. वकिलांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "आम्हाला हर्षललाही विचारावं लागेल. तो नाही म्हणाला तर तुमच्या लिहिण्याला वजन राहणार नाही." तेव्हापासून जीव जागेवर नाही. कारण तू काय म्हणशील हे मला माहीत आहे. काकाजी पोराच्या दुःखात आहेत, त्यांना आठवत नाही, मी आपल्या मनानंच बोललो, असं म्हणशील. सागरसाठी म्हणशील आणि माझ्यासाठीही. एवढ्यासाठीच हे पत्र धाडतोय, त्यांनी तुला गाठायच्या आधी हाती पडावं म्हणून. तसं म्हणू नकोस बाबू. मला सगळं आठवतं. तुझा हात थंड पडला होता आणि तू मला एकदा विचारलंही होतंस. सागरचं नाव त्या कागदावरून जाईल, ते मी सोसतो. काकूला सांभाळायचं काम माझं. तू फक्त हो म्हण.

तुझाच,
शेषरावकाका