बद्द वाजणारा डॉलर

१ मार्च, रविवार

मिळाला! दंतवैद्यानं अखेर सोडला. आयुष्यभर लोकांचे दात हसत हसत उपटले; स्वतःकडचं एक नाणं उपटून देताना मात्र केवढा कण्हला!

अफूवरून चीनवर तोफा डागल्या गेल्या, त्या काळातला चांदीचा डॉलर. इकडून अफू, तिकडून चांदी, आणि मधे सगळे सभ्य गृहस्थ. ज्या ज्या व्यापाऱ्याच्या हाती आला, त्यानं पारखून आपला ठसा राजाच्या तोंडावर ठोकला. राजाला आता नाक नाही, हनुवटी असावी असा अंदाज. मला असाच हवा होता. माझ्या नाण्यांच्या तबकातला रिकामा खळगा भरला. बदल्यात माझी दोन नाणी गेली. त्यांची आठवण काढायची नाही. (काढली.)

“शास्त्रीबुवा, घासूनपुसून चकचकीत केलास तर याद राख!”

निघताना वर हा दम, जसं काही मला कळतच नाही. रविवारच्या चहाला हा पूर्वी समोर बसायचा. हल्ली वर्षभर माझ्या उजवीकडेच खुर्ची ओढतो. दंतवैद्य रोग्याच्या उजवीकडूनच तोंडात शिरतात म्हणे — जित्याची खोड.

३ मार्च

पत्रकार परिषद. अधिकारी अलीकडे फार पुटपुटतात. बोलण्यात दम नसला की आवाज तरी कुठून येणार? शेजारच्या वार्ताहर बाईंकडून आकडे उतरवून घेतले. त्यांनी न मागता दिले. भली बाई.

घरी आलो तर दाराच्या घंटीचे सेल गेलेले. बायको म्हणते, परवाच नवे घातलेत. सगळा बाजारच लबाड!

५ मार्च

आज नाण्याची परीक्षा घेतली. जुन्या सराफांची रीत: नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, दुसऱ्या नाण्यानं कडेला हलकेच टिचकी द्यायची. खरी चांदी गाते, किणकिणत राहते. खोटं नाणं गप्प.

डॉलर बोटावर घेतला. टिचकी दिली.

बद्द.

पुन्हा दिली. बद्द! शिशाच्या गोळ्यासारखा!

पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलेला माणूस मी. प्रत्यक्ष दिसतं-ऐकू येतं तिथे अनुमान कशाला लढवायचं? नाणं खोटं. दंतवैद्यानं मला खोटा दात बसवला.

८ मार्च, रविवार

गेलो. नाणं त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, “वाजव.”

त्यानं वाजवलं. डोळे मिटून ऐकत बसला — काय नाटक! मग म्हणाला, “अरे, छान वाजतंय की. किती वेळ घुमतंय बघ.”

“डोळ्यांत धूळ टाकतोस ती पुरे नाही? कानांतही टाकणार?”

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. मग एवढंच — “तुझी दोन्ही नाणी परत घेऊन जा. हेही ठेव. भांडू नकोस.”

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! नाणी न घेता उठलो. दार आपटलं. तेही धड वाजलं नाही.

११ मार्च

मन लागत नाही. तीस वर्षांची मैत्री, आणि गेली कशावर, तर नकट्या राजावर. संपादक म्हणाले, तुमचा अग्रलेख फार कडवट झालाय. विषय नळांच्या गळतीचा होता.

१५ मार्च, रविवार

गेलो नाही. चहा घरीच. बेचव.

१७ मार्च

आधीचं पान फाडलं. नव्यानं लिहितो.

संध्याकाळी मनात पाल चुकचुकली. तबक काढलं आणि एकेक नाणं बोटावर घेऊन वाजवत गेलो. थोरल्या काकांनी दिलेलं पहिलं — बद्द. लिलावात जिंकलेलं — बद्द. सगळी! म्हणजे जन्मभर मी खोटंच जमवत आलो? तरी वाजवत राहिलो, वेड्यासारखा.

बायको कणकेचे हात घेऊन दारात उभी. “अहो, पुरे करा तो किणकिणाट! डोकं उठलं माझं!”

“कसला किणकिणाट?”

“म्हणजे काय, कसला? देवळातल्यासारखी घंटा चाललीय मघापासून.”

मी डॉलर उचलला. टिचकी दिली. तिच्याकडे पाहिलं.

“हे ऐकू येतंय तुला?”

“येतंय. अजून येतंय...” मग तिचा आवाज एकदम हळू झाला. ओठ हलताना दिसले. “तुम्हाला नाही येत?”

कणकेच्याच हातानं तिनं माझा हात धरला. डॉलरला पीठ लागलं. पुसलं नाही.

२० मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाई. दोन्ही कानांतले उंच सूर गेलेत. डावा कान तर नावापुरता. यंत्र बसवू म्हणाल्या. एकूण घंटी निर्दोष, अधिकारी निर्दोष, सेल विकणारा निर्दोष.

पाठशाळेतले गुरुजी सांगत: प्रत्यक्ष हे प्रमाण, इंद्रिय निर्दोष असेल तर. वाक्याचा पूर्वार्धच तेवढा पाठ केला होता मी!

डावा कान नावापुरता... वर्षभर उजवीकडची खुर्ची!

२२ मार्च, रविवार

दंतवैद्याकडे गेलो. माफीचं वाक्य रस्ताभर जुळवत होतो. दार उघडंच होतं. चहा दोन कप ओतलेला. माझी खुर्ची रिकामी, आणि तो तिच्या उजवीकडे.