यंदाची चटणी

२२ फेब्रु., रवि.
सकाळी सुरेखा टेप घेऊन आली. समोरच्याच फ्लॅटमधली, रोजचं येणं-जाणं, म्हटलं ब्लाउजचं माप काढायचं असेल. तिनं माझ्या लोखंडी कपाटाला टेप लावली. "काकी, आतनं किती खोल हाय ओ हे? आमच्या दारातनं जाईल न्हवं?" मी पोह्यांचा घास तसाच तोंडात धरून बसले. ह्यांनी तिच्या नवऱ्याला चहाच्या गाड्यावर शब्द देऊन टाकलाय म्हणे. कपाट त्यांना. शिलाई मशीन ह्यांच्या पुतण्याच्या बायकोला. माझी वर्षाच्या तिखट-चटणीची मोठी बरणी पण सुरेखालाच. बरणी तर ती जाताना काखेत मारून घेऊनच गेली, लोणच्याला बरी म्हणून.
कपाटात अजून माझ्या साड्या आहेत.

२५ फेब्रु.
हे जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, पण कारभार करायची खोड गेली नाही. कॅनडाला रणजितकडं कायमचं जायचं, फ्लॅट विकायचा, हे बापलेकांचं फोनवर ठरलं. मला कळलं तेव्हा गिऱ्हाईकसुद्धा बघून झालं होतं.
आज वजनकाटा आणलाय. माणशी दोन बॅगा. "काय न्यायचं ते तू ठरव. तुला पूर्ण मोकळीक." केवढे उपकार! जायचं का, ते मात्र कुणी विचारलं नाही. स्वतः चार जोड कोल्हापुरी पायताणं काढून ठेवलीत. बर्फात मिरवणार बहुतेक.
मी पाटा-वरवंटा काढून बॅगेशेजारी ठेवला. मुद्दाम, त्यांचं तोंड बघायला. त्यांनी उचलून काट्यावर ठेवला. खरंच वजन केलं.

१ मार्च, रवि.
रणजितचा व्हिडिओ कॉल. मी एकेक वस्तू दाखवायची, त्यानं मान हलवायची. पितळी डबा. "आई, इथं सगळं मिळतं गं." पुरणयंत्र, मिळतं. सोऱ्या, मिळतो. मग आई पण मिळत असेल की तिथं, असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात पूनमनं मीराला समोर धरलं. नात चालायला लागलीय. फोनलाच पापी दिली, सगळी स्क्रीन ओली. मग कसली बोलतेय मी.
शेवटी पूनम म्हणाली, "आई, चटणी तेवढी आणा. विकतची नाही जमत." सून चांगली आहे, खोटं का बोलू. मेमध्ये तिची रजा संपते, मीराला बघायला घरचं माणूस पाहिजे. बरोबर आहे. सगळ्यांचं सगळं बरोबर आहे, म्हणून तर भांडायची सोय नाही.

४ मार्च
मीराच्या वेळी गेलो होतो ते चार महिने सारखे आठवतात. गेल्या गेल्या पिठल्याला फोडणी दिली, चटणी टाकली, आणि छताला लावलेलं ते धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. पूनम हसतच धावत आली, खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ, आत बाळंतीण. कुणी एक शब्द बोललं नाही. त्यानंतर मी तिथं फोडणी दिली नाही. खिडकीशी बसायचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक बाई कुत्रं घेऊन जायची, तिची वाट बघत बसायचे. हे रोज मॉलमध्ये जाऊन बाकावर बसायचे आणि घरी येऊन "मस्त फिरून आलो" म्हणायचे.
मीराला भेटायचंय. राहायचं नाही. एवढं साधं आहे, पण सांगायचं कुणाला.

८ मार्च, रवि.
सुरेखाकडं निरोपाचं जेवण. तांबडा, पांढरा, सुकं मटण, वर साडी. पेठेतली ही चौथी साडी. "काकी, नशीब काढलंसा की! आमास्नी इसरू नका." इतक्यांच्यात जेवले, आहेर घेतले, आता कुठल्या तोंडानं म्हणू की जात नाही? साड्या एक वेळ परत देता येतील. मटण कसं देणार?
ती मला सोडायला घरी आली. साडी ठेवायला कपाट उघडलं तर म्हणते, "काकी, दार जरा हळू की. बिजागरी निखळंल." तिचं कपाट ना ते! ती गेल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मध्येच हसू आलं. मग परत रडले.

१२ मार्च
फ्लॅट घेणारे आले. नवरा-बायको, गडहिंग्लजचे. बाई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून नवऱ्याला सांगतेय, "हा कट्टा फोडायचा आणि हे कपाटबिपाट समदं काढायचं." मी तिथंच, चहा गाळत. चांगले कप कुणीतरी नेलेत, तिला कान तुटलेला मिळाला. मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम.
करार ६ एप्रिलला, सोमवारी अकरा वाजता. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. तो गृहस्थ म्हणाला, "वैनी, तुमचीबी सही लागंल." दुपारभर तेच एक वाक्य डोक्यात.

१५ मार्च, रवि.
शिलाई मशीन गेलं. जिथं होतं तिथं फरशी वेगळ्या रंगाची आहे. सवयीनं तिथनं वळून जाते अजून.

१९ मार्च, पाडवा
हे काठी धुऊन गॅलरीत आले. "ही आता कुणाला द्यायची?" स्वतःशीच. मी गुढीला साखरेची माळ बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मी नाही येत."
"कुठं?"
"कॅनडाला. दोन महिने मीराला भेटून येऊ, पाहिजे तर दरवर्षी जाऊ. कायमचं मी येत नाही. सही करणार नाही."
काठी धरून तसेच उभे. मग आवाज चढला. "अगं, अख्ख्या पेठंत सांगून झालंय! लोकांच्यात जेवून बसलोय आपण! रणजितनं तिथं मोठं घर घेतलंय आपल्यासाठी, त्याला काय सांगू? आणि मला तरी कुठं..."
पुढचं गिळलं. मी पण विचारलं नाही, माळेची गाठ आवळत राहिले. गुढी वाकडी बांधली गेली, दिवसभर तशीच.

२३ मार्च
अबोला. "पाणी." "चहा." "किल्ली कुठाय." वजनकाटा दिवाणाखाली गेलाय. पण रणजितशी फोनवर बोलताना आवाज नेहमीसारखा खणखणीत. "व्हय व्हय, तयारी जोरात हाय."
म्हणजे माझं बोलणं वाऱ्यावर.

२६ मार्च
शमशादभाभी रस्त्यात भेटल्या. मागच्या गल्लीत त्यांचा मिरची कुटायचा डंक. लग्न होऊन आल्यापासून माझी चटणी तिथंच कुटली जाते, आधी त्यांच्या सासूकडं, आता त्यांच्याकडं. "ताई, यंदा नंबर लावायचा का न्हाय? किती किलोची हाय?"
साधा प्रश्न. दरवर्षी तीन किलोची, दोघांना वर्षभर पुरते आणि देण्याघेण्याला. न्यायचीच असेल तर अर्धा किलो पुष्कळ, त्याला डंक कशाला, मिक्सर बास. अर्धा म्हटलं तर कॅनडाला गेलेच. तीन म्हटलं तर संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी. "सांगते" म्हणाले.
"सा तारखेला सकाळचा नंबर ठेवतो तुमचा. मागनं न्हाय मिळायचा, सांगून ठेवतो."
सहालाच. त्याच दिवशी अकरा वाजता सही.

२ एप्रिल
जोतिबाची यात्रा. ह्यांचे मित्र पहाटेच डोंगरावर गेले, खाली जीप उभी करून हाका मारल्या. हे गेले नाहीत. "बॅगा भरायच्यात" म्हणाले. एक सदरा घडी घालून बॅगेत ठेवला, परत काढला. मग दिवसभर गॅलरीत बसून. संध्याकाळी मित्र गुलालानं माखून आले, प्रसाद दिला. ह्यांनी बोटाला लागलेला गुलाल पुसला नाही, तसंच जेवले.
मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

३ एप्रिल, शुक्र.
लक्ष्मीपुरीत गेले. अर्धा किलोच घेणार होते, शपथ. दुकानदार ओळखीचा, त्यानं न विचारता नेहमीचं मापायला घेतलं. ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी. मी थांबवलं नाही.
रिक्षातून पोतं उतरवताना हे जिन्यात समोर. पोत्याकडं बघितलं.
"किती?"
"तीन."
खालच्या मजल्यावरचा कुकर तीनदा वाजला. मग पोतं खांद्यावर घेतलं आणि आमच्या दारावरून पुढं, थेट गच्चीवर. धापा टाकत. मी मागोमाग चादर घेऊन.

५ एप्रिल, रवि.
मिरच्या कालपासून उन्हात. आज दोघं देठ काढत बसलो. बोलणं नाहीच, पण हे शेजारी बसले होते, माझ्याच चादरीवर. देठ इतके जोरात मोडत होते की अर्धी मिरची जात होती. मी दाखवलं कसं मोडायचं ते.
सुरेखा कपडे वाळत घालायला आली. "आत्ता गं बया! काकी, एवढी चटणी? बॅगेत बसंल काय?"
मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं आता शब्द तुम्हीच दिलेत, तुम्हीच बोला. हे उठले, खाली गेले. आले ते बरणी छातीशी धरून.
"सुरेखा, तुझ्या घरातनं ही आणली गं. जरा लागतीया."
"ऱ्हाऊ दे की काका. किती दिवस लागंल?"
हे टाकीच्या नळाशी बसून बरणी धुवायला लागले. पाण्याचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल. सुरेखा माझ्याकडं बघत राहिली. कपाटाचं काही बोलली नाही बिचारी.
बरणी उपडी घातली मिरच्यांशेजारी. इतक्यात फोन. रणजित. उद्याच्या सहीचं विचारायला, दुसरं काय असणार. कठड्यावर वाजतोय, वाजतोय.
"घे की," हे म्हणाले.
"तुम्ही घ्या."
"माझं हात तिखट हायेत."
माझेही तिखटच होते. वाजून वाजून बंद झाला. आम्ही खाली मान घालून देठ मोडत होतो, तोवर परत सुरू झाला.