शिवणीतलं कापड

परतूर, मंगळवार संध्याकाळ

धाकटी जाऊ रेखानं अन् मी आज एकाच पिशवीतून ब्लाउज टेलरकडं नेले. तिचे घट्ट करायला, माझे सैल करायला. माझी शिवण उलटून तो म्हणाला, "वहिनी, आत कापडच उरलं न्हाई. आता काय सोडू?" तेही रेखासमोर!

तीन महिने झाले, रोज सकाळी ती स्टेशनपर्यंत चालून राह्यली. "ताई, येता का?" म्हणते, मंग मी गुडघेदुखी पुढं करते. गुडघा बिलकुल ठीक आहे. मला बारीक व्हायचंच न्हाई, ती परत जाड व्हावी, बस. आत कापडच उरलं न्हाई म्हणे!

मघाशी तिचे फिरायचे बूट लपवायला गेले. सहज पाय घालून बघितला. तिची एवढी एकच वस्तू मला बराबर बसली.